चिपळी वाजेपर्यंत

या, असे पुढे सरका. तिकडे खांबाला टेकून बसलात तर बुवांचा आवाज पोचेल, पण माझा नाही पोचायचा. कीर्तन उभं राहायला अजून अर्धा तास आहे. पेटीवाल्याचा चहा व्हायचाय, समईत तेल घालायचंय. तोवर एक गोष्ट सांगतो. निवडणुकीची आहे म्हणून नाक मुरडू नका. तिच्यात कीर्तनही आहे, आणि ते नसतं तर ती मी कुणाला सांगितलीच नसती.

बावीस वर्षं झाली. दत्तजयंतीचा सप्ताह सोमवारी बसला. आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या कीर्तनकार अनसूयाबाई उभ्या राहिल्या, गळ्यात हार पडला, आणि त्यांनी डावीकडे पाहिलं. पेटीची जागा रिकामी होती.

"दिगंबर कुठंय?"

मी तबल्याची गवसणी काढत होतो, ती काढतच राहिलो.

"भानुदास, मी तुला विचारतेय. तुझा जोडीदार कुठंय?"

"गिरणीवर असेल, बाई."

"सप्ताहात गिरणी? वीस वर्षांत नाही झालं ते."

मंडपात कुणीतरी खोकलं. सगळ्या हिवरखेड्याला ठाऊक होतं, एका बाईंना सोडून. त्या नाशिकहून तासापूर्वीच एसटीनं उतरल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या वेळी त्या पंचाहत्तरीच्या असतील. अंगानं काटकुळ्या, पण नजर अशी की माणूस आपोआप खरं बोलायला लागावा. मी मात्र खाली तबल्याकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तबलाही नको. उचल आणि श्रोत्यांत जाऊन बस."

आणि त्या दिवशी बाईंनी नुसत्या चिपळ्यांवर कीर्तन केलं. मी बायकांच्या रांगेमागे मांडी घालून बसलो, आणि मांडीवरची माझी बोटं थांबेनात. बायको द्वारका पुढेच होती. तिनं एकदा वळून माझ्या बोटांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आता काय झालं होतं ते सांगतो.

मी भानुदास गवंडे, पाट्या रंगवणारा. भानू पेंटर म्हणायचे. दिगंबर ढगे याची बाजारपेठेत पिठाची गिरणी. दोघांना लहानपणापासून एकच वेड. कुठंही कीर्तन असलं की सायकली काढायच्या. पुढे आमच्याच देवळात तो पेटीवर आणि मी तबल्यावर, असं वीस वर्षं चाललं. दिगूच्या केसांतलं पीठ आणि माझ्या नखांतला रंग, दोन्ही कधी पुरते निघाले नाहीत. साकी, दिंडी, कटाव, कसलीही रचना द्या, तो एका बैठकीत तिला चाल लावायचा. त्याची एक साकीची चाल तर अशी होती, की बाई आख्यानात करुण प्रसंगाला मुद्दाम तीच घ्यायच्या. लोक डोळे पुसायचे आणि दिगू पेटीवर मान खाली घालून हसायचा.

त्या वर्षी नगराध्यक्ष पहिल्यांदाच थेट लोकांच्या मतांनी निवडायचा होता. आजवर नगरसेवकच आपसात ठरवायचे. आता गावाच्या हातात आलं, आणि गाव बिथरलं. उभे दोघंच. एक रंगनाथशेठ कोठावळे, लोखंडी सामानाचे दुकानदार, बोलायला पटाईत. दुसऱ्या मालनताई ढगे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, दिगूची थोरली बहीण. शेठ म्हणायचे व्यापारी संकुल बांधू, ताई म्हणायच्या आधी गटारं बांधू. वाद एवढाच होता. पण पंधरा दिवसांत संकुल राहिलं बाजूला आणि गटारं आली भोंग्यांच्या तोंडात. ताईंच्या बाजूचे पोरटे शेठना काटा मारणारा म्हणायचे. शेठच्या बाजूचे ताईंना काय म्हणायचे, ते मी सांगणारच आहे, कारण ते मीच लिहिलं.

शेठचा माणूस गोरख माझ्या दुकानी आला. "भानूदादा, भिंती तर तुम्ही रंगवताच. एखादी चटकदार ओळ द्या ना. तुम्ही कीर्तनातली माणसं, तुम्हाला काय अवघड?"

कुणी असं म्हटलं की माणूस फुगतो. मी फुगलो. चहा थंड व्हायच्या आत साकी जुळली:

*घर ना टिकले एक जियेला, गाव कसे टिकवील?*
*टोचुन सुया जन्म हा गेला, खुर्ची का पेलवील?*

मालनताईंनी नवऱ्याचं घर सोडलं होतं, तीसेक वर्षांपूर्वी. का, ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. गोरखनं मांडीवर थाप मारली. "चाल?" म्हणाला. आणि मी गुणगुणून दाखवली ती दिगूची चाल. तीच, बाई करुण प्रसंगाला घेत ती. मुद्दाम केलं नाही हो. साकी म्हटली की माझ्या गळ्यात दुसरी चाल येतच नव्हती.

तिसऱ्या दिवशी रिक्षा गावभर ती गात फिरली. ती गिरणीवरून गेली तेव्हा दिगू जात्यात ज्वारी ओतत होता, असं नंतर कळलं. त्यानं पट्टा उतरवला, गिरणी बंद केली आणि कुणाशी काही न बोलता घरी गेला. त्याला सांगावं लागलं नाही. चाल त्याची होती, आणि शब्द कुणाचे, हे त्याच्याइतकं कोण ओळखणार?

द्वारकेनं त्या दिवशी ताट आदळलं. "माझ्या दोन्ही बाळंतपणांना ती बाई दोन-दोन दिवस उशाशी बसली. आणि तुम्ही तिच्या घरावर गाणी जुळवता?"

"राजकारण आहे. तेवढं चालतं."

"मग जा, आणि दिगूभावजींना सांगा, चालतं म्हणून."

मी गेलो नाही. सप्ताह सुरू झाला की येईल, म्हटलं. तो आला नाही.

सोमवारचं कीर्तन संपल्यावर बाईंनी मला ओसरीवर थांबवून घेतलं आणि सगळं काढून घेतलं. साकी म्हणून दाखवायला लावली. मी खाली बघून म्हटली.

"वृत्तात बसलीय," त्या म्हणाल्या. "एक मात्रा कमी नाही, जास्त नाही."

ती शाबासकी मला आजही टोचते.

"आता माझं ऐक. हा माझा शेवटचा सप्ताह. गुडघे उभं राहू देत नाहीत. शनिवारचं जन्मकीर्तन मी तुम्हा दोघांच्या साथीवर करीन, नाहीतर शुक्रवारी सकाळच्या गाडीनं परत जाईन. जन्माला साथ तुटलेली मला चालायची नाही."

"बाई, तो माझं तोंड बघत नाही."

"तोंड कशाला बघायला हवंय? तू त्याचं म्हणणं मांड."

हे समजायला आमच्या देवळाची एक रीत सांगायला हवी. दर सप्ताहाच्या गुरुवारी जोडकीर्तन व्हायचं. दोन कीर्तनकार समोरासमोर. एक म्हणायचा भक्ती थोर, दुसरा म्हणायचा कर्म थोर. पण दुसऱ्यानं पहिल्याचं खोडायच्या आधी, पहिल्याचं म्हणणं त्यानं स्वतःच्या तोंडानं मांडायचं. पुरतं, आणि त्याला जसं मांडावंसं वाटेल तसं. मग विचारायचं, "बरोबर मांडलं का?" पहिल्याच्या हातात चिपळी. पटलं तर तो ती वाजवणार, नाही तर गप्प धरून ठेवणार. चिपळी वाजेपर्यंत उत्तराला तोंड उघडायचं नाही. एका वर्षी अप्पाबुवांनी बाईंकडून चार वेळा मांडून घेतलं होतं आणि मंडप हसून लोटपोट झाला होता. ते अप्पाबुवा निवडणुकीच्या वर्षी उन्हाळ्यातच गेले. म्हणून मंगळवारी विश्वस्तांनी बाईंना विचारलं, यंदा जोडकीर्तनाला तुमच्यासमोर कोण?

बाई भर मंडपात म्हणाल्या, "तुमच्या गावात दोन वक्ते आहेत की. एसटीतून उतरल्यापासून भोंग्यावर ऐकतेय. त्यांनाच बोलवा. विषय त्यांचा, रीत आपली."

मंडप आधी हसला, मग माना वळल्या. पहिल्या रांगेत रंगनाथशेठ होते, बायकांत मालनताई. नाही म्हणायची सोय दोघांनाही उरली नव्हती. निवडणूक अधिकाऱ्यांनी मात्र बजावलं: देवळात नाही, देवाचं नाव नाही, हार-गुलाल नाही. वाचनालयानं रीतसर परवानगी काढली आणि बाजार समितीची कांद्याची लिलावाची शेड ठरली.

बुधवारी शेठनं मला बोलावलं. "भानू, तू त्यांच्या घरचा. जा, बाईचं म्हणणं विचारून ये. मला म्हणून दाखवायचंय ना सगळ्यांसमोर."

"मी कसा जाऊ, शेठ?"

"का? साकी लिहिताना गेला होतास का विचारायला?" शेठ हसले, पण हसू अर्ध्यातच थांबलं. ती ओळ त्यांनाही चावली होती, हे मला तेव्हा कळलं.

गेलो. मालनताई अंगणात मेथी निवडत होत्या. दिगू ओटीवर होता. मला पाहून आत गेला.

"ये, भानू. बस. मेथी निवड."

मी बसलो. पाच मिनिटं नुसती मेथी निवडली.

"ताई, ती साकी..."

"ते माझं म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "तू शेठसाठी माझं म्हणणं न्यायला आलायस ना? मग लिहून घे. खालच्या आळीत पिण्याचा नळ आणि उघडं गटार एकाच चरातून जातं. नळ फुटका आहे. दर चार-पाच वर्षांनी जुलाब-उलट्यांची साथ येते ती तिथून. मी तीस वर्षं सलाइन लावलं. सलाइन लावून कंटाळले, म्हणून उभी राहिले. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच कसं? एवढं झालं तरी पुष्कळ झालं."

मी निघताना म्हणाल्या, "शेठना सांग, नळाची खोली अडीच फूट आहे. ते तीन म्हणतील."

गुरुवारी संध्याकाळी शेड भरून सांडली. पोत्यांच्या थप्प्यांवर माणसं, वजनकाट्यावर माणसं. हवेत कांद्याचा वास. मधे दोन खुर्च्या, आणि बाजूला स्टुलावर अनसूयाबाई. देवाचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्यांनी नुसते हात जोडले आणि रीत सांगितली. चिपळी आधी मालनताईंच्या हातात दिली.

रंगनाथशेठ उठले. आवाज लावला. "मालनताईंचं म्हणणं असं, की गावाचा विकास म्हणजे गटार. गटारातच स्वर्ग आहे..."

त्यांची माणसं हसली, शिट्टी वाजली. शेठनी हसत विचारलं, "बरोबर मांडलं का, ताई?"

मालनताईंनी चिपळी हातात तशीच धरली. रागावल्या नाहीत, हलल्या नाहीत. नाडी मोजताना नर्स मनगट धरते ना, तशी धरली. हसू आपोआप विरलं. भोंग्याची खरखर तेवढी ऐकू येत होती.

"शेठ," बाई म्हणाल्या, "पुन्हा."

"बरं बरं. ताईंचं म्हणणं, आधी गटार, मग बाकीचं."

चिपळी गप्प.

"का म्हणून आधी?" पोत्यांवरून कुणीतरी ओरडलं. "ते सांगा ना, शेठ! तुम्हाला तरी माहितीये का?"

शेठनी खिशातून माझा कागद काढला. चष्मा लावला. आणि मग पहिल्यांदाच भाषणाच्या आवाजात नाही, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात बोलले. नळ, चर, साथ. "अडीच फूट खोलीवर," म्हणाले. मग कागद खाली घेतला आणि स्वतःचं म्हणून जोडलं, "खालच्या आळीत आमचा हमाल राहायचा, जगन. मागच्या साथीत त्याची लेक गेली. ताईंचं म्हणणं असं, की ती जायला नको होती. बरोबर मांडलं का?"

ताईंनी चिपळी वाजवली. एकदाच. टाळ्या नाही पडल्या. माणसांनी श्वास सोडला तेवढा ऐकू आला.

मग चिपळी शेठकडे गेली आणि ताई उठल्या. पदर खोचला, जणू वॉर्डात निघाल्यात.

"शेठचं म्हणणं असं. गटारं बांधली, नळ बदलला, पण घरात माणूसच नसेल तर पाणी प्यायचं कुणी? आपली पोरं बारावी झाली की एसटीत बसतात. दसऱ्याला येतात, सोनं देतात, दुसऱ्या दिवशी निघतात. संकुल झालं, गाळे निघाले, तर त्यातली काही इथं राहतील. कुणी घड्याळं दुरुस्त करील, कुणी औषधाचं दुकान टाकील. संकुल म्हटलं की आम्ही म्हणतो, शेठना लोखंड विकायचंय. तसं नाही. शेठच्या घरात वर दोन खोल्या आहेत, दोन मुलांच्या. मी त्यांच्या आईला इंजेक्शन द्यायला जायची तेव्हा पाहिल्यात. वहिनी रोज झाडतात. कुणी राहत नाही." त्या थांबल्या. "हे शेठ भाषणात सांगत नाहीत. पण माझ्या मते म्हणणं तिथून येतं. बरोबर मांडलं का, शेठ?"

शेठनी चिपळी लगेच वाजवली नाही. मागून गोरख कुजबुजला, "वाजवू नका शेठ, नाही म्हणा." शेठनी त्याला हातानंच गप्प केलं. मग चष्मा काढून पुसला आणि चिपळी वाजवली.

त्यानंतर तासभर दोघं भांडले. हो, भांडलेच. पैसा कुठून आणणार, आधी काय, नंतर काय. ताईंनी शेठचा हिशेब खोडला, शेठनी ताईंना विचारलं की रस्ता खणून ठेवला आणि ठेकेदार पळाला तर काय करणार, आणि ताईंना उत्तर देता आलं नाही. "याचा विचार केला नव्हता," त्या म्हणाल्या. उमेदवाराच्या तोंडून ते वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी शेठच्या बाजूचा माणूस, पण मला पहिल्यांदा प्रश्न पडला की मत कुणाला द्यावं. शेजारचा न्हावी मला म्हणाला, "भानू, साले दोघंही बरे आहेत की रे. आता आली का पंचाईत!"

लोक उठू लागले तेव्हा बाईंचा आवाज आला. "भानुदास, तुझं राहिलंय."

मी उभा राहिलो. "रिक्षावरची ती साकी माझी," म्हणालो. दिगू मागे पोत्यांपाशी उभा होता. बाईंनी चिपळी हातोहात त्याच्याकडे पोचवली.

"दिगू, तुझं म्हणणं असं. मी तुझ्या बहिणीचा भर गावात अपमान केला. तो तुझ्याच चालीत केला. वीस वर्षांच्या सोबतीला काळं फासलं. बरोबर मांडलं का?"

त्यानं चिपळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अर्धंच आहे," म्हणाला, आणि चिपळी पोत्यावर ठेवून निघून गेला.

शुक्रवारी सकाळी बाईंची पिशवी ओसरीवर भरून ठेवलेली होती. "बाई, एक दिवस," मी म्हणालो, "अर्धं झालंय. उरलेलं शोधतो." त्यांनी पिशवी परत आत नेली.

मालनताई गॅसवर दूध बघत होत्या.

"ताई, काय राहिलं माझं?"

"दिगूला विचार."

"तो सांगणार नाही. रीतच तशी. मी मांडायचं."

दूध वर आलं, त्यांनी गॅस बंद केला. फडक्यानं ओटा पुसला.

"मला नव्हतं सांगायचं. सांगितलं की उपकार दाखवल्यासारखं होतं. ती मोठी साथ आठवते? तू तेव्हा नाशिकला पेंटिंग शिकत होतास."

"आई आजारी होती त्या वेळी."

"शाळेत एकतीस खाटा टाकल्या होत्या. आम्ही दोघी नर्स, त्यातली एक स्वतःच आडवी झाली. माझं लग्न होऊन आठ महिने झालेले. ते न्यायला आले. शाळेच्या दारात उभे राहून म्हणाले, आत्ता चल, नाहीतर कायमची इथंच राहा. त्यांचंही चुकलं म्हणत नाही मी. बायको मरेल अशी भीती होती त्यांना. मी म्हटलं, चार दिवस थांबा. ते थांबले नाहीत." त्यांनी दुधावर झाकण ठेवलं. "आठव्या खाटेवर तुझी आई होती. तिची शीर सापडत नव्हती, कसंबसं सलाइन लागलं होतं. हात सोडला असता तर सुई निघाली असती."

मला बसायला काही सापडेना. मी उंबऱ्यावरच बसलो.

"दिगू तेव्हा माझ्यासोबत तिथंच होता, पाणी उकळायला," त्या म्हणाल्या. "सगळं त्याच्या समोर झालं. चहा घेतोस?"

शनिवारी जन्मकीर्तन. दुपारी चारलाच मी मंडपात तबला मांडून बसलो. बाई येऊन बसल्या. साडेचारला दिगू आला. पेटी आणली होती, पण ती खाली न ठेवता दारातच उभा राहिला.

मी उठून त्याच्यापर्यंत गेलो. हळू बोललो, त्याच्यापुरतं.

"दिगू, तुझं म्हणणं असं. ताईंचं घर मोडलं, कारण त्यांनी या गावाचा हात सोडला नाही. तो हात माझ्या आईचा होता. तू ते डोळ्यांनी पाहिलंस आणि वीस वर्षं माझ्या शेजारी बसून कधी बोलला नाहीस, कारण ताईंना ते आवडलं नसतं. आणि त्याच मोडलेल्या घरावर मी टिंगल रचली. ती रचली तुझ्या त्या चालीत, जिच्यावर बाई गावाला रडवतात. आता तू पेटीवर बोट ठेवलंस की तुला माझे शब्द ऐकू येतात. तू माझ्यावर रुसलास म्हणून आला नाहीस, असं मला वाटत होतं. तसं नाही. तुझी चालच मी हिरावून घेतली." मग विचारलं, "बरोबर मांडलं का?"

त्याच्या हातात चिपळी नव्हती. तो माझ्या बाजूनं पुढे गेला, आपल्या जागी बसला, पेटीचं झाकण उघडलं, भाता सोडला. आणि काळी चारचा सूर धरला. बाईंचा सूर.

धरूनच ठेवला. मला कळायला क्षण लागला. तबला लावायला तो मला सूर देत होता.

मी हातोडी घेतली. पहिला ठोका चुकला.

"उतरलाय," दिगू म्हणाला. "जरा चढव."

मी चढवला.

बाईंनी त्या दिवशी आख्यानात त्याच चालीची साकी घेतली. शब्द दुसरे, जुने, चांगले. घेण्याआधी त्यांनी दिगूकडे पाहिलं, त्यानं मान हलवली. मालनताई बायकांत बसल्या होत्या, शेठ पुरुषांत. दोघांनीही डोळे पुसले. मी पुसले नाहीत, माझे दोन्ही हात कामात होते.

रविवारी मतदान झालं. मी शिक्का हातात घेऊन इतका वेळ उभा राहिलो की मागचा म्हणाला, "भानूदादा, पाटी रंगवताय का?" मत कुणाला दिलं ते दिगूलाही सांगितलं नाही. शेठ निवडून आले, थोड्याच मतांनी. पण गंमत बघा, पहिल्याच सभेत त्यांनी खालच्या आळीचं गटार आणि नळ घेतला. गोरख चिडला तेव्हा म्हणाले, "अरे, मी सगळ्या गावासमोर माझ्याच तोंडानं सांगितलंय ते. आता ते माझंच झालं की." काम बघायला ताई रोज जायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "शेठ, उतार उलटा आहे." शेठनी शिव्या घातल्या, ठेकेदाराला हो, आणि चर पुन्हा खणायला लावला. संकुल पुढच्या वर्षी झालं. त्यात घड्याळवाला आहे.

भोंगे त्यानंतरही फिरले. माणसं एका गुरुवारात बदलत नाहीत. पण दर निवडणुकीआधी कांद्याच्या शेडमध्ये दोन खुर्च्या मांडायच्या, ही रीत पडली ती पडली. मधे दोनदा चुकली, पुन्हा सुरू झाली. परवा पुन्हा मांडणार आहेत. तुम्ही जालच.

बाई गेल्या, शेठ थकले. मालनताई मागच्या पावसाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी आईची ती गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती. त्या असताना मीही सांगितली नाही. आज तुम्हाला सांगितली.

ऐका, पेटी लागली. तो पिकल्या केसांचा दिसतोय ना, तोच दिगू. केस कशानं पांढरे, पिठानं की वयानं, आता ओळखू येत नाही. मला हाक मारतोय, तबला उतरलाय म्हणून. जायला हवं. एवढं करा माझ्यासाठी: परवा शेडमध्ये समोरच्याचं बोलणं ऐकून जीभ शिवशिवायला लागेल, तेव्हा क्षणभर मालनताईंची आठवण काढा. कांद्याच्या वासात, भर गर्दीत, न रागावता चिपळी धरून बसलेल्या.